तळची डाट कोणी काढायची

प्रथम तारखा. त्या गावाला आठवतात तशा देतो, कारण कॅलेंडरातल्या तारखा माझ्या अर्जांत आहेत आणि ते अर्ज ज्यांच्या टेबलावर पोहोचले त्यांनी वाचलेले नाहीत. धुळवडीच्या दिवशी, गाव रंगात असताना, आमच्या कोटाच्या खंदकात मुरमाचा पहिला टिप्पर रिता झाला. अक्षय्यतृतीयेच्या आठवड्यात तटाभोवतालच्या काटेरी बांबूची शेवटची रांजी, म्हणजे बेट, यंत्राने मुळासकट उपटली. पोळ्याच्या दिवशी, बैल शिंगे रंगवून तोरणाखाली उभे असताना, टोलीतल्या, म्हणजे कोटाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या, घरांत गुडघाभर पाणी शिरले. आणि दिवाळीनंतर कचेरी उघडली त्याच दिवशी त्याच घरांच्या ओल्या दारांवर नोटिसा चिकटल्या: किल्ल्याच्या हद्दीतील आपले अतिक्रमण का काढण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. किल्ला सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष, ज्यांनी ठराव मांडला. तो अभियंता, ज्याने जागेवर पाऊल न ठेवता नकाशा केला. तो अधिकारी, ज्याने त्या नकाशावर सही केली. कंत्राटदार, जो निदान विचारल्यावर खरे बोलला, "मले भरा म्हनलं, मी भरलं." आणि आमचे सरपंच, ज्यांनी पहिल्या टिप्परपुढे नारळ फोडला. नावे अर्जांत आहेत. इथे हुद्दे पुरेत.

माझी मुलगी म्हणते, "बाबा, हे पुस्तक आहे, तक्रार नाही. लहानपणचं लिहा." मी लहानपणचेच लिहीत आहे. माझे लहानपण ज्या पाण्याच्या काठावर गेले ते पाणी आज वाहनतळ आहे. त्यामुळे लहानपण लिहायचे तर तक्रार टाळता येत नाही. जिल्हा न्यायालयात मी आयुष्यभर कारकुनी केली. कोणत्याही कागदावर आधी घटना, मग जबाबदार, मग मागणी, ही सवय हाताला लागलेली आहे. वाचकाने ती सोसावी.

आमच्या गावाचे नाव कोटबोरी. अड्याळहून वैनगंगेच्या अंगाला निघाले की लागते. उत्तरेला उंचावर मोठा तलाव, तलावाच्या पायथ्याशी मातीचा गोल कोट, कोटाभोवती खंदक, आणि कोटाच्या आत गाव. एका दरवाजापुरता दगड. बाकी सगळी माती, तीही कन्हार, म्हणजे आमच्याकडची ती काळी चिकट माती जी ओली झाली की पायातली चप्पल परत देत नाही. तट इतका रुंद की वर बैलगाडी चालावी. शाळेत असताना आम्हाला पुस्तकात किल्ल्याचे चित्र होते: डोंगर, डोंगरावर कडा, कड्यावर बुरूज. मास्तर घाटावरचे होते. त्यांनी आपापल्या भागातल्या किल्ल्याचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा मी तलाव, खंदक आणि कोट काढला. मास्तरांनी पाटी वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "हा किल्ला नव्हे. ही चिखलाची परात आहे." वर्ग हसला. मीही हसलो, कारण चित्र खरोखरच परातीसारखे आले होते. राग पुढे आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण मागच्या वर्षी समितीने दरवाजापाशी जो फलक उभा केला त्यावरही पुन्हा डोंगर आहे. आमच्या कोटाशेजारी बसून डोंगर पाहायचा असेल तर डोळे मिटावे लागतात. फलकावर 'अभेद्य दगडी दुर्ग' असे शब्द आहेत, आणि खाली फायबरची तोफ आहे, जिच्या नळीत सध्या चिमण्यांनी घरटे केले आहे.

आमच्या सपाट मुलखात कोणी डोंगर दिला नव्हता. तेव्हा गोंड राजांच्या काळात ज्यांनी हा कोट बांधला, त्यांनी जे होते त्याचाच किल्ला केला. होते काय? पाऊस, माती, बांबू आणि तलाव. चौमासात आमच्याकडे कोणी चालून येऊ शकत नसे. नाले आणि बांध्या, म्हणजे पाण्याने भरलेली धानाची शेते, स्वतःच राखण करीत. भीतीचा काळ दसऱ्यापासून पुढचा, वाटा वाळल्या की. म्हणून तलाव तोवर भरलेला राखायचा. शत्रूचे घोडे नदी ओलांडल्याची खबर आली की तलावाचे तुडुम पूर्ण उघडायचे. तुडुम म्हणजे पारीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातली पाणी सोडण्याची दगडी नळी. तिला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोके, आणि प्रत्येक भोकात लाकडाची डाट. वरची डाट काढली की शेताला पुरेल एवढे पाणी येते. तळची काढली की तलाव बाहेर पडतो. मग कोटाभोवतालच्या सगळ्या बांध्या, कापणी झालेल्या असोत वा नसोत, कन्हारीचा लगदा होत. त्यात घोडा गुडघ्यापर्यंत जातो, तोफेचे चाक तर जागचे हलत नाही. कोरडी वाट उरे ती फक्त तलावाच्या पारीवरून, आणि ती वाटही मुद्दाम अशी वळवलेली की येणाऱ्याचा उजवा खांदा, ज्या बाजूला ढाल नसते तो, तटाकडे यावा. हे सारे मी नोकरीला लागल्यानंतर, रजेच्या दिवसांत त्या वाटेवर पुन्हा पुन्हा चालून जुळवले. ज्याने कोणी हे योजले त्याच्या बुद्धीपुढे मी मान लववतो. आणि त्याच माणसावर माझा राग आहे, कारण त्याच्या योजनेत आम्हीही होतो.

आमची टोली कोटाच्या बाहेर, खंदकाच्या पलीकडे, तुडुमाच्या तोंडाशी, अगदी खोलगटात होती. पूर्वी वेसकरी आमच्याकडे: दरवाजा लावणे, खबर आणणे, आणि वेळ आली की तळची डाट काढणे. तळच्या डाटीला कोटाच्या आतल्या माणसाचा हात लागायचा नाही, असा गावाचा दंडक होता. लहानपणी मला वाटे, हा विटाळाचाच एक प्रकार. न्यायालयात बसू लागल्यावर कळले की हा त्याहून हुशार प्रकार आहे. तळची डाट निघाली की पहिली बुडते ती आमची टोली. आता ज्याने स्वतःच्या हाताने पाणी सोडले, तो कोणाविरुद्ध दाद मागणार? संमतीने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, हे तत्त्व मी पुढे वकिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले. आमच्या गावाने ते कायदा येण्याच्या कितीतरी आधी राबवले होते. टोली ही त्या किल्ल्याची सर्वांत बाहेरची भिंत होती. फरक एवढाच की ती माणसांची होती.

पण हे सगळे कळण्याआधी ते घर होते. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, आणि जमीन अशी ओलसर की माय उन्हाळ्यातही निजताना खाली तणस पसरायची. भातरोवणीच्या दिवसांत वरची डाट काढलेली असे आणि नळीतून पाणी रात्रंदिवस घुमत राही. तो आवाज बंद झाला की आम्हा भावंडांची झोप मोडायची. सकाळी भाताची पेज, तिच्यात मिठाचा खडा. दुपारी लाखोळीचे वरण, त्यात सुकवलेले झिंगे, आणि जवसाची चटणी माय पाट्यावर अशी वाटायची की तेल आपोआप सुटे. खंदकात कमळे होती, शिंगाडे होते, पाणकोंबड्या होत्या. तटाभोवती काटेरी बांबू, आत वाघही शिरणार नाही इतका दाट, आणि वारा सुटला की त्याची कुरकुर गावभर ऐकू येई. त्या बांबूला कुऱ्हाड लावायची नाही, हा दुसरा दंडक. फक्त पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, ते भाजीला काढता येत. त्यातही नियम: तटाकडे झुकलेला कोंब गावाचा, बाहेर झुकलेला टोलीचा. माझी सरजा आत्या, बाची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायची. ती आषाढात पहाटे उठून कोंबांना सुतळी बांधून बाहेर ओढून ठेवायची. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, कारभाऱ्याने, केवळरामाने, एकदा तिला पकडले. "सरजाबाई, हे काय करून राहिली?" आत्या म्हणाली, "कोंबाले पाठीत उसण भरली गा. सरळ करून राहिली." केवळराम हसत निघून गेला, आणि त्या वर्षी आम्ही वास्त्यांची भाजी इतकी खाल्ली की धाकट्या बहिणीने ताट ढकलून दिले.

मालगुजारी कायद्याने तोवर संपलेली होती. तलाव, खंदक, पार, सगळे सरकारजमा झाले होते. पण हे कागदावर. गावात मालगुजार मालगुजारच होता, लोक त्याला मालकच म्हणत आणि तलावाचा निर्णय त्याच्याच ओसरीवर होई. दुसरी घटना त्याहून मोठी. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आमच्या टोलीतली माणसे पांढरी वस्त्रे नेसून तिथे गेली होती, आणि परतल्यावर त्यांनी गावकीची कामे एकजात सोडली. मेलेली ढोरे ओढणे सोडले. दरवाजा लावणे सोडले. गावाने कुरकुर केली, थोडे दिवस विहिरीवरून शिव्या दिल्या, मग दुसरी माणसे लावली. तळच्या डाटीचा प्रश्न मात्र कोणी काढला नाही, कारण ती काढायची वेळच कित्येक वर्षांत आली नव्हती. वरच्या डाटींवर भागत होते.

मी सातवीत असताना ती वेळ आली. भादव्यात झड लागली आणि थांबेना. तलाव काठोकाठ भरला. सांडवा पुरेना, आणि एका सकाळी पारीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली, मग त्या ओलीतून पाणी झिरपू लागले. पार फुटली असती तर टोली तर गेलीच असती, पण कोटाच्या मातीच्या भिंतीही विरघळल्या असत्या, आणि त्यांच्या आतले गावही. उपाय एकच: तळची डाट काढून तलावाचा भार हलका करणे. सकाळची पेज व्हायच्या आत केवळराम डोक्यावर पोते घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"लहानू, चाल. तळची डाट काढाची हाये."

माझा बा, लहानू, चुलीशी बसून विडी शेकत होता. तो म्हणाला, "काढा ना. कोन नाही म्हन्ते?"

"तू काढशील तं निघंल ना. आमी कसा हात लावू?"

आत्या आतून म्हणाली, "काहून? हात सडते का तुमचा? राखुंडी देतो चुलीतली, धुऊन टाका मंग."

"सरजाबाई, ही मजाक कराची येळ नाही."

"मजाक तुमची चालली हाये बापू. आमचं घर बुडवाले आमालेच बलावून राहिले."

केवळराम गेला आणि मालगुजार स्वतः आला. छत्री, गुडघ्यापर्यंत खोवलेले धोतर, मागे गावातली दहा-पंधरा माणसे. तो वाईट माणूस नव्हता, हे मला लिहावे लागते. त्याला वाईट होण्याची कधी गरजच पडली नव्हती. दंडकच सगळे करीत. तो आमच्या अंगणात आला नाही, अंगणाच्या कडेला चिखलात उभा राहिला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "लहानू, तुझ्या आज्यानं काढली. त्याच्या बापानं काढली."

बा उठून उभा राहिला. "त्यायले कोनी इचारलं व्हतं का, मालक?"

"इचाराचं काय त्याच्यात?"

"हेच म्हन्तो मी. तवा इचारलं नाही. आता इचारा."

पाऊस पडतच होता. मागची माणसे कुजबुजू लागली. एकाने बाला शिवी दिली, दुसऱ्याने त्याला गप्प केले, कारण पारीवरची ओल सगळ्यांना दिसत होती. शेवटी मालगुजार म्हणाला, "बरं, इचारतो. काढतोस का?"

"काढतो," बा म्हणाला. "पन आधी आमचे लेकरं, म्हातारे, बकऱ्या, गाडगे-मडके, सारे कोटात जातीन. मंग काढतो. अन् काढताना बासावर एक हात तुमचा राहीन."

डाट काढायला लांब बास, म्हणजे बांबूचा दांडा, लागे, वरून पारीवर उभे राहून ढकलण्यासाठी. त्या बासाला आतल्याचा हात लागल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते. मालगुजाराने हाताचा मुद्दा सोडून सोपा वाटला तो धरला. "कोटात म्हंजे कुठं गा? शाळेची चाबी मास्तरपाशी, अन् मास्तर अड्याळले गेले."

आत्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "कोटात म्हंजे कोटात. आमचे लोकं इतक्या पिढ्या ते दार लावत आले ना मालक. लावलं कोठून? बाहेरून. आता एक दिवस आतून लावू द्या."

यावर मागे कोणीतरी हसले. ते हसणे मला आजही ऐकू येते, कारण त्याने गोष्ट निकालात निघाली. हसणारा आतलाच होता, आणि मालगुजाराने वळून पाहिले तेव्हा तो माणूस म्हणाला, "मालक, पार वाट नाही पाहत. चाला."

टोली कोटात शिरली. ती मिरवणूक मी विसरलो नाही. डोक्यावर मडकी, काखेत कोंबड्या, पाठीवर म्हाताऱ्या, आणि पोत्यात भिजू नये म्हणून गुंडाळलेली बुद्धाची तसबीर. मायने चुलीतला विस्तव गाडग्यात घेतला होता, वर राख. आम्हाला मालगुजाराच्या धानाच्या कोठीत उतरवले. बायकांनी तिथेच तीन दगड मांडून लाखोळी आणि झिंगे शिजत टाकले. वाड्यातून मालगुजाराची म्हातारी आई ओरडून विचारू लागली, हा वास कोणाचा. आत्याने मोठ्याने उत्तर दिले, "तुमच्याच चुलीवरचा असंन बाई, आमचे झिंगे अजून भिजून राहिले." थोड्या वेळाने शेजारच्या घरातून एका बाईने कोठीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गरम पेजेचे गंज ठेवले आणि निघून गेली. गंज तिने परत नेले की नाही हे मला माहीत नाही. पेज आम्ही प्यायलो.

मी पारीवर गेलो. बाने बास तुडुमात घातला, खाली टोकाने डाट चाचपली, आणि मग मालगुजाराकडे पाहिले. मालगुजाराने छत्री केवळरामाकडे दिली आणि बासावर हात ठेवला. दोघांनी मिळून जोर केला. सुरुवातीला काहीच झाले नाही. मग पारीच्या पोटातून असा आवाज आला की गावातली गुरे दावी तोडू लागली. पाणी खोलगटात शिरले. आम्ही तटावर उभे राहून पाहत होतो, पण पावसाच्या पडद्यातून फारसे दिसत नव्हते. ऐकू येत होते. मातीची भिंत पडते तेव्हा कडाडत नाही, तिचा दबलेला धप्प असा आवाज होतो. माय तटावर बसली होती. प्रत्येक आवाजाला ती घराचे नाव सांगत होती. "हे गोमाबाईचं. हे भिवाच्या गोठ्याचं." मग एक आवाज आला आणि ती म्हणाली, "हे आपलं," आणि तेवढ्याच सुरात पुढचे नाव सांगितले.

पार वाचली. गाव वाचले. त्याच संध्याकाळी झड उघडल्यावर मालगुजाराने सगळ्या गावाला खंदकाच्या काठी बोलावले. खंदक खणताना निघालेली माती त्याच्या बाहेरच्या अंगाला उंच टाकलेली होती, तीच खंदकाची पार. त्याने काठीने ती दाखवली आणि म्हणाला, "आता खोलगटात बांधू नका. या पारीवर बांधा. ही पार तुमची." त्याच्या आवाजात खरी भावना होती असे मी मानतो. आत्याने बाच्या दंडाला धरून हळू आवाजात सांगितले, "लिहून घे." बा म्हणाला, "अखं गाव आयकून राहिलं, आत्ता काय लिहून घ्याचं?" "गाव मरते गा लहानू," आत्या म्हणाली. बाने ऐकले नाही. ज्या माणसाने सकाळी मालगुजाराचा हात बासावर ठेवायला लावला, त्याला संध्याकाळी सही मागणे कमीपणाचे वाटले. मला त्याचा हा एकच निर्णय कधीही क्षमा करता आलेला नाही, आणि कारण मात्र पूर्ण समजते: त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच गावाने माणूस म्हणून ऐकले होते, आणि त्या ऐकण्यावर त्याने विश्वास टाकला.

ऐकणारे आता बहुतेक गेले. समितीचा शिपाई पारीवरच्या घरांना विचारतो, पुरावा सादर करा. मी जी गोष्ट सांगितली तिच्यात आमच्याविरुद्ध जाणारी बाबही आहे आणि ती मी दडवत नाही. त्या दिवशी पार मालगुजाराची नव्हतीच, सरकारची होती. जी त्याची नव्हती ती त्याने दान दिली. पण मग सरकारने काय केले? आम्हाला त्या पारीवर विजेचे मीटर दिले. मतदारयादीत पारीवरचा पत्ता छापला. माझ्या पुतण्याचा जन्मदाखला त्या घरच्या पत्त्यावर आहे आणि बाचा मृत्यूचा दाखलाही. दोन पिढ्या आम्ही तिथे राहत असल्याचे सरकारला माहीत होते. वाहनतळ हवा झाला तेव्हाच ते विसरले.

आता कायद्याची बाजू. नोटीस म्हणते की खंदकाची पार किल्ल्याचा भाग आहे, म्हणून तिच्यावरची घरे अतिक्रमण. मान्य करू. पार ही खंदकातून निघालेली माती. पार किल्ल्याची असेल तर खंदक त्याहून आधी किल्ल्याचा. मग प्राचीन वास्तूचा खंदक मुरूम टाकून बुजवणे हा गुन्हा आहे, आणि तो समितीने फटाके वाजवून केला. उलट खंदक हा किल्ल्याचा भाग नाही, नुसता खड्डा आहे, म्हणून तो बुजवता आला, असे म्हणायचे असेल, तर त्या खड्ड्याच्या काठावरची माती किल्ल्याची कशी? दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. हा युक्तिवाद मी माझ्या पहिल्या अर्जात केला. उत्तर आले की आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आले की संबंधित विभाग कोणता हे कळवावे.

आणि पोळ्याचे पाणी. खंदक पारीच्या माथ्यापर्यंत बुजला, बांबू गेला, म्हणजे तलावाच्या सांडव्याचे पाणी घ्यायला जागा राहिली नाही. ते कुठे जाणार होते? या मुलखाचा उतार कोणी बदललेला नाही. ज्यांनी कोट बांधला त्यांना हा उतार कळत होता. त्यांनी आम्हाला त्याच्या तोंडाशी ठेवले, ते निर्दयपणे पण जाणून. आताच्यांनी तेच केले, उतार न पाहता. माझी पुतणसून पोळ्याच्या दिवशी पुरणाचे पातेले डोक्यावर धरून पाण्यातून चालत आली. तिला मी विचारले, कोणी आधी सांगितले होते का? ती म्हणाली, "कोन सांगंन काका? आमाले इचारते कोन?"

अध्यक्ष महाशय माझ्या मुलीच्या ओळखीचे आहेत. तिच्यामार्फत त्यांनी निरोप पाठवला की काकांनी कार्यालयात येऊन भेटावे, चहा घेऊ, आपसांत मिटवू. मी चहा घेणार नाही. बंद खोलीत मिळालेले आश्वासन हे आश्वासन नसते, आणि उघड्यावर मिळालेलेही आम्ही एकदा गमावले आहे. म्हणून यावेळी दोन्ही हवे: उघड्यावर, आणि इतिवृत्तात नोंदवून. पुढची ग्रामसभा कोटाच्या दरवाजासमोर, त्या फायबरच्या तोफेशेजारी भरणार असल्याची दवंडी झाली आहे. त्या सभेत समितीचे अध्यक्ष, सही करणारे अधिकारी आणि नारळ फोडणारे सरपंच, या तिघांनी सर्वांदेखत पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. खंदक किल्ल्याचा आहे की नाही? असेल, तर तो बुजवणाऱ्यांवर गुन्हा का दाखल झाला नाही? नसेल, तर पारीवरच्या घरांच्या नोटिसा आजच का मागे घेतल्या जात नाहीत? आणि दोन्ही परिस्थितींत, येत्या पावसाळ्यात तलावाचे पाणी कोणाच्या घरातून जायचे, हे कोणी, कोणाला विचारून ठरवले? मी पुढच्या रांगेत बसेन. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उत्तर देणाऱ्याने माझ्या उजव्या बाजूला उभे राहून, ध्वनिक्षेपकावर, मोठ्याने बोलावे.